आमचे घर शेवटी

१९ जानेवारी २०२५, रविवार
ऑक्टोबरपासून एक ओळ लिहिली नाही. वहीची माफी मागतो. कारण द्यायला हवे. पण दिवाळी, सर्दी आणि पेन न सापडणे यांतले एकही मलाच पटत नाही.

माझी बायको हर्षा संध्याकाळच्या बसने वास्कोला गेली. शिपिंगच्या ऑफिसात बढती मिळाल्यापासून तिने तिथे खोली घेतली आहे. शुक्रवारी येते, रविवारी जाते. ऑफिस आठवड्यातले तीन दिवस घरून काम करू देते, पण आमच्या गावातून, पार्श्यातून त्यांची सिस्टीम उघडत नाही. कारण मला ठाऊक आहे, कारण पार्श्याचे इंटरनेट मीच बघतो. कृष्णनाथबाबांच्या केबल कंपनीतला मी एकुलता एक इंजिनियर. जुन्या पद्धतीत गावच्या २१४ घरांना मिळून बाहेर एकच पत्ता. एका पत्त्यावरून एवढी माणसे आलेली पाहून ऑफिसची सिस्टीम संशय घेते आणि दार लावते. नव्या पद्धतीत प्रत्येक घराला स्वतःचा पत्ता मिळतो; ती मला गावात आणायची आहे.

जाताना म्हणाली, खोलीचा करार मेअखेर संपतो. तोवर झालं तर बघू, नाहीतर अकरा महिने वाढवते. मी म्हणालो, मे लांब आहे.

२७ जानेवारी, सोमवार
योजना पक्की. एकदम बदलायचे नाही. जुने चालूच, नवे शेजारून. शनिवारी शनिवारी पंधरा घरे. नवा मार्ग अडला तर राउटर गुपचूप जुन्यावर जाईल, माणसाला कळणारसुद्धा नाही.

आमचे घर शेवटी. लाइन माझ्या हातात म्हणून आधी माझ्याच घरी, हे बरे दिसत नाही. हर्षाला फोनवर सांगितले. ती म्हणाली, गावात कुणी मागितलंय का हे? म्हणालो, मागितले नाही म्हणूनच हळूहळू. मग बराच वेळ आवाज नाही. नेटवर्क तपासले. ठीक होते.

पाववाला पोदेर सकाळी दारात चार उंडे टाकतो. दोन माझे, दोन हर्षाचे. ती नसते तेव्हा तिचे दोन शेजारच्या गंगाकाकीच्या कोंबड्यांना. सोय तात्पुरती, म्हणून पोदेराला काही सांगितले नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
पहिली पंधरा घरे. सुरुवात गंगाकाकीपासून. राउटरचा दिवा हिरवा झाला की ते घर झाले. नव्या मार्गाने पहिले पान उघडले ती वेळ टिपून ठेवली. काकीने विचारले, आता काय वेगळा झाला? म्हणालो, काहीच नाही, हेच तर यश. काकी म्हणाली, मगे आयलंस कित्याक?

१४ मार्च, शुक्रवार
७५ घरे. तक्रारवही कोरी. कृष्णनाथबाब म्हणाले, कितीजण नव्यावरून जातात ते मोजून दाखव बाबा, मला काहीतरी दिसूं दे. पण मोजणे म्हणजे लोकांच्या घरात डोकावणे. योग्य की अयोग्य? दोन दिवस विचार केला. अयोग्य. तक्रार नाही हेच मोजमाप.

हर्षा आली नाही. ट्रेनिंग आहे.

६ एप्रिल, रविवार
१३५. हर्षा आली, पंधरा दिवसांनी. जाताना मिक्सर नेला. कपाटातला तिचा खालचा कप्पा रिकामा झाला. जुने राउटर तिथे अगदी मापात बसले.

विचारत होती, आपल्या घराचं काम दहा मिनिटांचं ना? सातच मिनिटांचे, हे प्रामाणिकपणे सांगितले. मग करून टाका की, म्हणाली. नियम समजावला. ती म्हणाली, तुमचा नियम मी मोडायला सांगत नाही. आणि बॅग भरू लागली.

दिवसभर स्वतःला विचारतो आहे. नाही म्हणालो ते तत्त्वासाठी की भीतीपोटी? न चालले तर, ही भीती. नाही, तत्त्वच. जवळजवळ नक्की.

२६ एप्रिल, शनिवार
१८०. तक्रार नाही. हर्षा याही आठवड्याला नाही. मीही तक्रार केली नाही.

१७ मे, शनिवार, सकाळी ११
२१४. आमचे घर. हर्षा मुद्दाम आली. दिवा हिरवा. तिने लॅपटॉप उघडला. ऑफिसच्या सिस्टीमची तीच लाल ओळ, तोच नकार. पुन्हा केले. तेच. तिने चहा ठेवला.

दुपारी ३
कंपनीच्या पेडण्याच्या कंट्रोल रूममध्ये आलो. नवा मार्ग बाहेर जोडणारा डबा बंद, वर धूळ. लाइनमन भैरूला विचारले. बेळगावकडचा, कामाला चोख माणूस. म्हणाला, त्ये व्हय सायेब? तीन मार्चला काढलं की. पंख्याला प्लग मोकळा नव्हता. दोन दिस वाट बघितली, कुणाचा फोन न्हाई. म्हटलं, लागत नसंल.

मग नोंद उघडली. तीन मार्चपासून नव्या मार्गाने गेलेली घरे: शून्य. सगळे गाव गुपचूप जुन्यावरून. योजनेतला तेवढा भाग बिनचूक चालला.

संध्याकाळी ६
डबा लावून आलो. आमच्या घराला आता स्वतःचा पत्ता आहे. हर्षा साडेचारच्या बसने गेली. फोन केला. म्हणाली, खोलीच्या मालकाला दुपारीच कळवलं, अकरा महिने. मी म्हणालो, आता चालते आहे. ती म्हणाली, बरं झालं, गावाला उपयोग होईल. रागावली नव्हती. रागाची वाट बघत मी थोडा वेळ फोन धरून ठेवला.

भैरूचा पंखा मात्र बंद झाला. त्याला एक्स्टेंशन बोर्ड द्यायला हवा होता. मार्चमध्येच.

गंगाकाकी कुंपणावरून विचारत होती, हर्षा इतक्यात गेली? हो म्हणालो. कोंबड्या तिच्या पायांशी उभ्या होत्या.

उद्या: पोदेराला सांगणे. एकदम दोन कमी नको. चाराऐवजी तीन उंडे.