चौथा कोपरा

सोत्कामो, फिनलंड, ४ जून १९७१

प्रिय एन्सिओ,

अनेक आशीर्वाद. तिकडे गोथेनबर्गला तू, ब्रिता आणि मुलं खुशाल असाल. आम्ही इथे डासांना रक्त पाजत मजेत आहोत. तळ्यावरचा बर्फ यंदा उशिरा गेला. गाय व्याली, कालवड झाली.

आता खरी बातमी. मी घर बांधतेय. तळ्याकाठी, आपल्या सौनाच्या न्हाणीघराशेजारी, ओंडक्यांचं आणि स्वतःच्या हातांनी. हसू नकोस, शेजारच्या तौनोचं आधीच हसून झालंय. म्हणाला, "राइली, तू शाळेत पोरींना विणकाम शिकवणारी. ओंडके काय सुईनं शिवणार?" मी म्हटलं, "शिवीन, आणि उरलेल्या दोऱ्यानं तुझं तोंडही." तेव्हापासून तो रोज कामाला येतो. कॉफी फुकट मिळते म्हणून येतो, असं त्याचं म्हणणं.

झाडं थंडीतच पाडली. तौनोच्या घोड्यानं ती बर्फावरून ओढून आणली आणि वसंतात मी एकटीनं साली सोलल्या. आराखडाही माझाच. एकच खोली, मधोमध चूल, तळ्याकडे मोठी खिडकी. बाबांनी कागद नाकाला लावून पाहिला आणि खिडकी लहान केली. मी ती परत मोठी केली.

एक घोळ झाला, तोही सांगते, नाहीतर तौनो मीठमसाला लावून सांगेल. ओंडक्याचा जाड बुंधा एका थरात इकडे, तर पुढच्या थरात तिकडे ठेवायचा, हे तू पाळण्यात शिकलास. मी गप्पांच्या नादात सगळे बुंधे एकाच अंगाला रचत गेले. भिंत अशी कलली की तौनो म्हणाला, "वा, घसरगुंडीची सोय झाली." सगळं उतरवलं, पुन्हा चढवलं. आता भिंतीवर दुधाची वाटी ठेव, थेंब सांडणार नाही.

कोपऱ्यांची रीत तुला माहीत आहे. ज्याचा कोपरा त्याचा, ओंडके एकमेकांत बसवायच्या खाचा खालपासून वरपर्यंत त्यानंच कापायच्या, दुसऱ्यानं तिथे कुऱ्हाड लावायची नाही. दारालगतचा माझा, तळ्याकडचा तौनोचा, चुलीमागचा बाबांचा. चौथ्या कोपऱ्यासाठी, तो बर्चच्या झाडाकडचा, मी गावातला सुतार बोलावणार होते. बाबा म्हणाले, "कशाला? तोही मीच करतो." अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दोन कोपरे! पण त्यांच्याशी वाद घालून कोणाचं भलं झालंय?

परवा त्या कोपऱ्यात फटींत शेवाळ भरत होते. खाचांवरून हात फिरला तर कुऱ्हाडीचे घाव उलट्या अंगानं उतरलेले. एन्सिओ, तिथे बाबा डाव्या हातानं कुऱ्हाड चालवतात. हो, आपलेच बाबा.

तौनोचा सौना बांधताना साऱ्या गावासमोर त्यांनी तुझा कोपरा उतरवला होता. "डाव्या हाताची खाच पाणी धरते," म्हणत स्वतः पुन्हा कापला. त्याच आठवड्यात तू स्वीडनच्या बोटीत बसलास. नऊ वर्षं झाली. आपण पत्रांतून त्यावर चकार शब्द काढला नाही. मी गाईचं लिहिते, तू हवेचं लिहितोस.

मी विचारलं, "बाबा, हा काय प्रकार?"

"बर्च आडवा येतो. उजव्या हाताला जागा नाही."

"बर्च चार हात लांब आहे."

"मग डास आडवे येतात."

बराच वेळ कुऱ्हाडीला धार लावत बसले. मग मान खाली घालूनच म्हणाले, "नाही धरत."

"काय नाही धरत?"

"पाणी. मे महिन्याचा सगळा पाऊस झाला. बोटं घालून पाहिलं. कोरडी आहे खाच."

तौनो तिथेच होता. तो म्हणाला, "माझा सौना मात्र तुम्ही पुन्हा कापलेल्या त्याच कोपऱ्यात अजून गळतो, काका." मला वाटलं, आता कुऱ्हाड याच्या डोक्यात बसते. बाबा नुसते म्हणाले, "ठाऊक आहे."

आता हे घर कशासाठी, तेही लिहिते. बोटं घालून पाहिलं, असं बाबा उगाच म्हणाले नाहीत. त्यांची नजर चाललीय. डॉक्टरांच्या मते पुढच्या हिवाळ्यापर्यंत उजेड आणि अंधार, एवढंच कळेल. टेकडीवरच्या मोठ्या घरात ते हरवतील. म्हणून ही एक खोली. भिंतीला हात लावत चुलीपाशी, दारापाशी, सौनापाशी जाता येईल. प्रत्येक कोपरा त्यांना बोटांनी ओळखता येईल.

काल सर्वांत वरचा थर चढवला. तीन कोपऱ्यांच्या खाचा झाल्या. चौथ्यापाशी बाबांनी कुऱ्हाड खाली ठेवली. "ही त्याची," म्हणाले. तौनो म्हणाला, "आणा, मी कापतो, चुटकीचं काम." त्याला कुऱ्हाडीच्या दांड्यानं हाकललं. आता आढं चढत नाही, छप्पर अडलंय, आणि महिनाअखेरीला युहानुसच्या सणाला आढं चढवायचं म्हणून मी सारा गाव जेवायला बोलावून बसलेय.

एरवी घराचं मी एकटीनं निभावलं असतं, हे तुलाही ठाऊक आहे. पण ती खाच माझ्यानं होणार नाही. ये रे. त्यांना तुझा चेहरा दिसतोय तोवर ये.

कुऱ्हाड आणू नकोस. तुझी जुनी माळ्यावरून काढून बाबांनी तिला नवा दांडा बसवलाय. धार डाव्या हाताची लावलीय.

तीन कोपरे पुरे करून चौथ्यापाशी थांबलेली,
तुझी ताई
राइली