बाबांच्या मानेतला बेडूक

पुणे, ४ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबा,

इथूनच तुमच्या आणि आईच्या पाया पडते. मी बरी आहे, मेसचं जेवण आता पचतं. आईचा गुडघा कसा आहे?

तुमचा देहदानाचा फॉर्म, नातेवाईकाच्या संमतीच्या जागी सही करून, सोबत पाठवते आहे. आधी हे वाचा.

काल डिसेक्शनमध्ये आम्ही मान उघडली. टेबलावरच्या देहाला आम्ही आजोबा म्हणतो, रोज हात जोडून सुरुवात करतो. सरांनी ओमोहायॉइड नावाचा स्नायू शोधायला सांगितला. खांद्याच्या पात्यापासून जिभेखालच्या हाडापर्यंत जाणारी, बोटाहून बारीक पट्टी. मला ती सापडली, मी चिमट्यात उचलली. सर म्हणाले, "एखाद्याचा हा गिळताना मानेवर फुगून वर येतो."

बाबा, तुमचा बेडूक. तुम्ही चहाचा घोट घेतला की मानेत उडी मारणारा. मी आणि सूरजदादा बोट लावून पकडायचो तो.

चिमटा हातातून पडला. माझ्याच टेबलावरच्या राजनंदिनीनं मला बाहेर नेऊन बसवलं. काळजी करू नका, नंतर जेवले. पण आजोबांच्या मानेला कुणी असं बोट लावलं असेल, हे इतके महिने माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सही मनापासून केली आहे. फक्त तुम्ही हौसेनं लिहिलेलं माझ्या कॉलेजचं नाव खोडून नागपूरचं लिहिलं आहे. तिथल्या मुलांना बेडूक सापडला तर सापडू दे. मला तो तुम्ही चहा पितानाच बघायचा आहे.

तुमची,
तनुजा