मिठाचा हात

मानपाडा, डोंबिवली पूर्व
रविवार दुपार

प्रिय मितेश,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी कामाचं काही काढलं की तुझं नेटवर्क जातं आणि आईने ‘जेवलास का’ विचारलं की परत येतं. म्हणून हे कागदावर लिहून, फोटो काढून मेलवर पाठवते आहे. शेवटपर्यंत वाच. मध्येच हसरे चेहरे पाठवू नकोस.

आधी घरची खबरबात. तुझ्या साखरपुड्याचा हॉल ठरला. बाबांना तो लहान वाटतो, कारण त्यांना मानपाड्यातलं एकही घर वगळायचं नाही. आई खडवलीला जाऊन रुपालीच्या बांगड्यांचं माप घेऊन आली. रुपाली कल्याणच्या लॅबमधली नोकरी सोडणार होती, लग्न झालं की लिथुआनियाला तुझ्याकडे यायचं म्हणून. तिथलं हवामान, भाषा, सगळं मला विचारत असते, जशी काही मीच तिकडे राहते. आणि पोपटमामा तुझी वाट बघतोय, त्याच्या गुडघ्यासाठी. तू ‘ऑपरेशन्समध्ये आहे’ असं सांगितलंस, आईने ते जसंच्या तसं गावभर केलं आणि मामाने त्याला हवा तो अर्थ घेतला. इंजिनिअरिंग शिकायला गेलेला पोरगा गुडघे कसे कापेल, असं मी विचारलं तर म्हणाला, तिकडे सगळं मशीनवर करतात, तिथे इंजिनिअरच लागतो.

माझी नोकरी चालू आहे. वागळे इस्टेटच्या त्या ऑफिसात बसून जगातले सामने बघायचे आणि प्रत्येक घडामोड कळ दाबून नोंदवायची: गोल, फटका, कोण शिक्षेच्या बाकावर गेला, कोण परत आला. कुणाची बाजू घ्यायची नाही, ओरडायचं नाही. आई म्हणते, तुझा स्वभावच तसा कोरडा, तुला शोभतं. असेल. या महिन्यात आमच्याकडे युरोपातल्या देशांची आइस हॉकीची स्पर्धा आहे, आणि ती नेमकी तुझ्या शहरात. मी तुला विचारलं होतं, आठवत असेल. बघायला जाणार का म्हटलं, तर तू म्हणालास, ऑफिसातून मान वर करायला वेळ नाही, आणि तसाही तुला त्यात रस नाही.

हा खेळ सुरुवातीला मला अजिबात झेपला नव्हता. आपल्याला हॉकी म्हटलं की हिरवं मैदान आणि पांढरा चेंडू. इथे बर्फावर काळी चकती, आणि ती इतक्या जोरात जाते की दिसतच नाही. आमचा टीम लीडर कमलेश म्हणाला, चकती बघू नको, माणसं बघ. कोण कुठल्या खांद्यावर झुकतो, कोण वळताना कुठला पाय आधी टाकतो, ते बघ. तेव्हापासून ते जमलं. आता पाठमोरा खेळाडू असला, नंबर झाकलेला असला, तरी मी चालीवरून नाव सांगते. हेरगिरीत गेले असते तर दोन पैसे जास्त मिळाले असते.

गुरुवारी लिथुआनिया आणि हंगेरीचा सामना होता. खेळ थोडा वेळ थांबला की खेळाडूंच्या स्केट्सनी खरवडलेला बर्फाचा भुगा काढायला पोरं फावडी घेऊन येतात. तेव्हा आम्हाला नोंदवण्यासारखं काही नसतं. कमलेश डोळे मिटून बसतो, मी पाणी पिते. सगळी पोरं भुगा पुढे ढकलत ओळीने निघाली. गोलजवळचा एकटाच उलट्या पावलांनी चालत भुगा स्वतःकडे ओढत होता. टोपी भुवयांपर्यंत, मान खाली, तोंड काही दिसलं नाही. पण बाटली माझ्या हातात तशीच राहिली.

बाबा खाडीकडच्या मिठागरावर जायचे तेव्हा आपण दोघं बांधावर बसायचो. लांब दांड्याची फळी टाकायची आणि मागे मागे येत मीठ आपल्याकडे ओढायचं. पुढे ढकललं तर तळाचा चिखल उकरला जातो आणि पांढऱ्या मिठाची माती होते, असं बाबा सांगायचे. तुला हट्टाने फळी हातात घ्यायची असायची आणि ती तुझ्यापेक्षा उंच होती. जमिनीचे पैसे आले, मिठागर सुटलं, दोन मजली घर झालं, तू इंजिनिअर झालास. सवय मात्र हातात राहिली. बर्फाखाली कसला आलाय रे चिखल?

त्या नादात हंगेरीचा एक फटका माझ्याकडून नोंदवायचा राहिला आणि कमलेश सगळ्यांसमोर बोलला. मला राग आला, मितेश, फार आला. कमलेशचा नाही, तुझा. फोनवर ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून ठेवायचास तेव्हा मागून माणसांचा गलका यायचा. मी म्हणायची, काय उत्साही ऑफिस आहे. घरी येताना मात्र रडू आलं. तू फावडं मारतोस याचं नाही. आपल्या घरात फावड्याचं कुणाला नवल? कुणालाही न सांगता तू तिथे एकटा उभा होतास, त्याचं रडू आलं. आणि रुपालीचा विचार आला तेव्हा परत राग आला.

शुक्रवारी सकाळी मी तो सामना नेटवर शोधला, तेवढा तुकडा काढला आणि फक्त बाबांना दाखवला. मुद्दाम काही सांगितलं नाही. माझीच चूक होत असेल, अशी आशा होती. त्यांनी चष्मा आणायला लावला, एकदा पाहिलं, परत लावायला सांगितलं. मग म्हणाले, ‘मिठाचा हात हाय तो. आपला मित्या.’ मी म्हटलं, बाबा, आईला इतक्यात नको सांगू. ते म्हणाले, नाय सांगत. मग स्पर्धेत किती देश हायत ते विचारलं आणि मी तो तुकडा त्यांच्या मोबाइलवर घालून दिला तेव्हाच मला सोडलं. त्यांना एकट्याने बघायचा असेल, असं मला वाटलं.

काल सकाळी त्यांनी तो साखरपुड्याच्या ग्रुपवर टाकला. दोन्हीकडची माणसं आहेत त्यात, तुलाही माहीत आहे. तू तो ग्रुप आवाज बंद करून ठेवतोस, म्हणून तुला अजून पत्ता नसेल. खाली लिहिलं होतं, ‘माझा मुलगा मितेश, आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, गोलजवळ.’ मग जो धुमाकूळ झाला तो विचारू नकोस. फुलं, हारतुरे, फटाके. निम्म्या लोकांना वाटलं तू लिथुआनियाकडून खेळतोस. पोपटमामाने विचारलं, ‘किती गोल मारलं?’ आई भाजी चिरता चिरता उठली आणि देवापुढे साखर ठेवून आली. मी मोबाइल हातात घेऊन जिन्यावर बसून राहिले.

शेवटी रुपालीच्या भावाने, सिद्धेशने, तो नीट पाहिला असावा. त्याने लिहिलं, ‘काका, हा तर ग्राउंड स्टाफ आहे ना?’ आणि मग बाबांचं उत्तर आलं, ‘होय. काम करतो.’ एवढंच. मला अजून कळलेलं नाही की त्यांना खरंच अभिमान वाटला आणि बाकीचं सुचलंच नाही, की सगळं ओळखून त्यांनी हे केलं. विचारलं तर मोबाइल खिशात घालून नाक्यावर चहाला गेले. आई रात्रीपासून माझ्याशी बोलत नाही. तुझ्याशी बोलेल, तू काळजी करू नकोस, तिचा राग नेहमी जवळच्या माणसावर निघतो.

आज सकाळी रुपालीचा फोन आला. मला कधीपासून माहीत होतं, ते तिने आधी विचारलं. गुरुवारपासून म्हटल्यावर माझ्यावरही चिडली, आणि मला ते बरोबरच वाटलं. रडली नाही. नोकरी सोडणार नाही म्हणाली, निदान आता तरी नाही. तिच्या घरी हॉल रद्द करायच्या गोष्टी चालल्या आहेत. तिने वडिलांना बुधवारपर्यंत थांबायला सांगितलंय. मग म्हणाली, ‘बर्फ झाडणारा चालेल, ताई. थापा मारणारा नको.’ मी म्हटलं, मी त्याला तुला फोन करायला सांगते. तर म्हणाली, नको, सांगू नका, बघू दे मला तो स्वतःहून करतो का. मी बरं म्हटलं. आणि फोन ठेवून हे पत्र लिहायला बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी बाजू घेते आहे, मितेश, आणि ती तुझी आहे की तिची, ते मलाही सांगता येणार नाही. ती संध्याकाळी घरी असते. मी लिहिलं होतं, हे तिला कधीही कळू देऊ नकोस.

तुझीच,
करिश्माताई