तिसरा रकाना

५ जानेवारी

चि. ठकू,

पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र आणि सोबत पुस्तिकेचं फाडलेलं पान, दोन्ही पोचलं. तुझ्या बाबांचा गुडघा काय म्हणतोय? डॉक्टरकडे जायचं टाळत असतील तर वहिनीला सांग, सरळ रिक्षात कोंबून ने.

मोबाईलवर थोडक्यात कळव म्हणतेस. थोडक्यात मला भांडतासुद्धा येत नाही, सल्ला कुठून देणार? आणि फोनचं तर नावच काढू नकोस. आपल्या घराण्यात सोनंनाणं कुणाला मिळालं नाही, हे कान तेवढे आत्याकडून भाचीकडे बिनबोभाट आले.

एकदम तीन संस्था तुला घ्यायला तयार आहेत, हे वाचून ऊर भरून आला. मला माझ्या वेळी एकीने घेतलं होतं, तेही सहा महिने उंबरे झिजवल्यावर.

आता तुझं पान. ही पुस्तिका आमच्याकडेही दरवर्षी येते. सेवाभावी संस्थांमध्ये नोकरीला कोण कसं, याची तुलना. पहिल्या रकान्यात पगार, दुसऱ्यात माणसं किती, तिसऱ्यात कोणकोणती माणसं, म्हणजे बायका किती, दिव्यांग किती. देणगीदार तिसरा रकाना आधी वाचतात म्हणे. तूही तोच आधी वाचलास, पेन्सिलीची खूण दिसली.

मोठी संस्था पगार आमच्या दीडपट देते, पण बाराशे माणसांत दिव्यांग शंभरात एक. अपघातानंतर माणसांना पुन्हा चालायला शिकवणारी ती मधली, तिथे एकशे साठ माणसं, पगार बरा, दिव्यांग शंभरात तीन. आणि आमची! एक्केचाळीस माणसं, पगार सगळ्यांत कमी, पण शंभरात सात. तुझ्या पेन्सिलीने सातला दोनदा गोल केलाय.

माझं ऐकशील तर इथेच ये. आजारी माणसांच्या घरी चाकाच्या खुर्च्या, वॉकर, पलंग वापरायला द्यायचे आणि परत आले की दुरुस्त करून ठेवायचे, असं काम आहे. मी मार्चअखेर निवृत्त होते, कोठाराची माझी जागा तुला मिळेल. संचालकबाईंनी आपणहून तुझी चौकशी केली. राहायची चिंता नको. दुरुस्तीच्या कारखान्याच्या माडीवरची माझी खोली दोघींना पुरेल, दुसरी खाट मी पाहूनही ठेवली आहे.

बैठकांचं विचारलंस. होतात, दर सोमवारी. चहा चांगला असतो.

लवकर कळव.

तुझी,
आत्या


१६ जानेवारी

ठकू,

हे पत्र आमच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवतेय. तो तुमच्या गावाला चार पलंग पोचवायला निघालाय. बाकीच्या दोन संस्थांना नकार कळवायची पत्रं तू लिहून ठेवली आहेस आणि सोमवारी टाकणार आहेस, असं तुझं काल आलेलं पत्र सांगतं. टाकू नकोस. आधी हे वाच. मग माझ्यावर काय चिडायचं ते चीड.

तुला लहानपणापासून ठकू म्हणत आले, आणि ठकवलं मी.

तो सातचा आकडा माझ्या हातचा आहे. दरवर्षी पुस्तिकेसाठी फॉर्म येतो आणि तो मीच भरते, अक्षर बरं आहे म्हणून. एक्केचाळीस माणसांत दिव्यांग तीन. एक मी. दुसरा आमचा पहारेकरी, त्याचा एक पाय आखूड आहे. तिसरा आमचा टंकलेखक, डोळ्यांनी अधू. तो दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला, ठकू. मी त्याला अजून तिथेच बसवून ठेवलाय. पहिल्या वर्षी संचालकबाईंनी माझ्या टिपणवहीत लिहिलं, ‘ताई, तेवढा एक राहू दे. नवीन माणूस मिळेपर्यंत.’ दुसऱ्या वर्षी त्यांना लिहावंही लागलं नाही.

बैठकांचं आता नीट सांगते. दर सोमवारी दहा वाजता सगळे टेबलाभोवती बसतात. तोंडं हलतात, मी बघते. कानातल्या यंत्रातून आवाज येतो तो नुसता कालवा, भांड्यांच्या दुकानात बसल्यासारखा. काय ठरलं ते बुधवारी टाइप होऊन आलेल्या कागदावरून मला कळतं. पलंग चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांना माझ्या कोठारातल्या साखळ्या लावायचं ठरलं होतं, तेव्हा मी समोरच बसले होते आणि मान डोलावत होते. मी एकदा अर्ज केला होता, कुणीतरी बैठकीत शेजारी बसून लिहून दाखवावं म्हणून. ‘पुढच्या वर्षी बघू,’ असं उत्तर मिळालं. त्याला अकरा वर्षं झाली. मी पुन्हा विचारलं नाही. अहवालातल्या फोटोत मात्र मला पुढच्या रांगेत उभं करतात.

बावीस वर्षं का राहिलीस, असं तू विचारशील. खोलीसाठी. सुरुवातीला पगारात ती धरली होती, मग पगार वाढायचा थांबला आणि खोली तेवढी राहिली. तुझ्या बाबांच्या घरून मी कशी निघाले ते तुला ठाऊक नाही. वहिनीने काही म्हटलं नव्हतं. मीच एका जेवणाच्या वेळी, सगळे हसत होते तेव्हा ते मलाच हसतायत असं समजून ताट सरकवून उठले. पुढे कळलं, तू पहिल्यांदा काहीतरी बोबडं बोलली होतीस. तोवर मी खोलीत राहायला आले होते आणि परत जायला तोंड नव्हतं.

आणि खोली नोकरीबरोबर जाते. गेल्या महिन्यात संचालकबाईंनी मला बोलावलं. वाईट नाहीत त्या, माझ्यासाठी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. वहीत लिहिलं, ‘तुमची भाची हुशार आहे असं ऐकलं. तिलाही ऐकू कमी येतं ना? ती आली तर खोली तुमच्याकडेच राहील. दोघी राहा.’ मी खाली लिहिलं, ‘नाही आली तर?’ त्यांनी वही वाचली, मिटली आणि माझ्या हातात परत दिली.

म्हणून ते पहिलं पत्र.

ते टाकल्यावर मला अन्न गोड लागेना. बुधवारी मधल्या संस्थेला आठ वॉकर पोचवायचे होते. एरवी ड्रायव्हर एकटा जातो, या वेळी मी त्याच्या शेजारी चढून बसले. तो बघतच राहिला. तिथे त्यांची बैठक चालू होती. सही घ्यायची म्हणून मी मागच्या खुर्चीवर थांबले. ठकू, तिथे भिंतीवर पडदा आहे आणि एक मुलगी कोपऱ्यात बसून, जो जे बोलेल ते टाइप करते. शब्द भिंतीवर उमटतात. कुणीतरी म्हणालं, नव्या सरकत्या दारात आत्तापर्यंत रुग्णांपेक्षा डॉक्टर जास्त अडकलेत. सगळे हसले. आणि मीही हसले. त्यांच्याबरोबर, त्याच क्षणी!

तुला कळेल मी काय म्हणतेय. मी जन्मभर दोन क्षण उशिरा हसत आले, लोकांची तोंडं बघून. घरी परत येईपर्यंत मी गाडीत रडत होते. ड्रायव्हर बिचारा दर चौकात खुणेने विचारत होता, दवाखान्यात नेऊ का.

तिथल्या एका बाईला विचारलं, ती मुलगी टाइप करते ते पुस्तिकेत का नाही? तिने लिहून दिलं, ‘फॉर्ममध्ये त्याला रकानाच नाही.’

तिकडे जा. पगार मोठ्या संस्थेपेक्षा कमी आहे, तरी जा. माझी काळजी करायची नाही, हे वाक्य मी पाच वेळा लिहून खोडलं. काळजी वाटली तर वाटू दे, पण तिच्यापायी इथे येऊ नकोस.

पहिलं पत्र फाडून टाक. हे बाबांना दाखवलंस तरी चालेल.

तुझी अपराधी,
आत्या


२० एप्रिल

चि. ठकू,

खूप खूप आशीर्वाद. पहिल्या महिन्याचं तुझं पत्र तीनदा वाचलं. बैठकीत तू हात वर करून बोललीस आणि तुझं वाक्य भिंतीवर उमटलं, हे वाचताना मी खुर्चीचा ब्रेक दुरुस्त करत होते, तो उलटा बसवला.

माझ्याकडची बातमी. तू येणार नाहीस हे मी संचालकबाईंना सांगितलं. मी कपडे बांधायला घेतले होते. तुझ्या बाबांना पत्रही लिहिलं होतं, ‘दादा, येऊ का?’ एवढंच. टाकलं नव्हतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या टेबलावर कागद आला. एक वर्ष मुदतवाढ. पगार तोच, खोली तीच.

शिपाई अभिनंदन म्हणाला. मीही हसले. मग कोठारात जाऊन बसले आणि कळलं की मी गेले असते तर रकान्यात खरा माणूस एकटा पहारेकरी उरला असता.

फॉर्म आला तेव्हा मी भरला. दिव्यांग, दोन. संचालकबाईंनी वहीत लिहिलं, ‘मागच्या वर्षी तीन होते.’ मी लिहिलं, ‘मागच्या वर्षीही दोनच होते.’ त्या फॉर्म घेऊन गेल्या. दोन दिवसांनी त्याची प्रत फायलीत लावायला माझ्याकडे आली. माझ्या दोनवर पांढरा रंग लावून कुणीतरी तीन लिहिलंय. अक्षर माझं नाही. मी ती फायलीत लावली.

तू लिहितेस, आत्या, निघून ये, माझ्या खोलीत राहा. बाबाही म्हणतात म्हणे. तुझ्यापाशी खोटं बोलून झालंय, म्हणून खरंच सांगते. मला भीती वाटते. तिथे जेवताना सगळे बोलतील, आणि मला पुन्हा वाटेल की मलाच हसतायत. इथे निदान मी कशात काय चाललंय ते न ऐकता ओळखते. कुठल्या खुर्चीचं चाक कुरकुरतं ते हात लावून कळतं मला. एवढ्यासाठी माणूस बावीसची तेवीस वर्षं करतो का? करतो, बाई.

बाबांना लिहिलेलं ते पत्र अजून खणात आहे. रोज सकाळी खण उघडते, पेन घेते, बंद करते. टाकलं की तुला आधी कळवीन.

तिथे जोरात बोल. चुकीचं बोललीस तरी बोल.

तुझी, अजून इथेच असलेली,
आत्या