शहाळं मीच प्यायले

राहाता, रविवार, १२ एप्रिल

धाकटे भाऊजी आज रागावून कोल्हारला गेले. जाऊ देत.

आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून गेल्या आठवड्यात येणाऱ्या प्रत्येकाने शहाळी आणली. ह्यांच्या किडन्या अधू आहेत हे माहीत असून मीही दिवसाला तीन-तीन पाजली. मी! पेशींच्या आत-बाहेरच्या पोटॅशियमच्या तोलावर हृदयाचा ठोका चालतो, हे दरवर्षी फळ्यावर लिहिणारी! शहाळ्यात तेच ठासून भरलेलं, आणि अधू किडन्यांना ते बाहेर टाकता येत नाही. ठोके इतके मंदावले की हे बसल्या जागी कलंडले. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी दाखवली. पोटॅशियम वाढलेलं, रक्तात आम्ल साचलेलं. इतर औषधांबरोबर शिरेतून बायकार्बोनेटही, म्हणजे आपला खायचा सोडाच, द्यावं लागलं. ह्यांना घरी आणताना ती पट्टीही मागून आणली; डोळ्यांपुढून हलत नाही.

आणि आज भाऊजी पुन्हा शहाळं घेऊन हजर, वरून छाटून, स्ट्रॉ खोचून! पट्टी दाखवली, समजावलं. तर म्हणतात, "वहिनी, भज्यात घालायचा सोडा औषध, आन् शहाळं इख व्हय? लई शिकल्या तुमी!"

ह्यांनी भिडेखातर हात पुढे केलाच. भावाचं मन कसं मोडायचं! मी ते शहाळं मधल्यामध्ये घेतलं आणि भाऊजींसमोर उभ्या-उभ्या प्यायले. स्ट्रॉचा खर्रखर्र आवाज येईपर्यंत.

वहिनीला रीतभात नाही, हे आता कोल्हारभर होईल. होऊ दे. पट्टी दाराला आतून चिकटवली आहे. तरीही आणायचंच असेल त्याने दोन आणावीत. मला शहाळं फार आवडतं.