काकांना दिलेला गाळा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय सव्वीस, धंदा पाट्या रंगवण्याचा, शिक्षण आठवीपर्यंत (नववीची पुस्तके आणली होती, त्यांना कव्हरेही घातली होती), आज पूर्ण शुद्धीत, पोटभर जेवून आणि कोणाही माणसाच्या दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. दडपण आहे, पण ते हर्नियाचे आहे. उद्या सकाळी माझे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. पण त्यांनी सहीसाठी दिलेला संमतीचा कागद मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. डॉक्टर म्हणाले, "हा पूर्ण वाचणारे तुम्ही पहिलेच." वाचून झाल्यावर मी घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्यास ते रद्द समजावे. हे वाक्य घालावेच लागते, असे वकीलबाई म्हणाल्या.

कलम १. हे मृत्युपत्र का करावे लागले, याबद्दल.

कोर्टामागच्या गल्लीतल्या वकिलांच्या पाट्या मी रंगवल्या आहेत. वकीलबाईंच्या पाटीला जरा जास्तच दिवस लागले, कारण माझी शिडी त्यांच्या खिडकीला लागून होती आणि मला प्रश्न पडत होते. मी विचारले, माणूस काही न लिहिता गेला तर त्याचे घर कोणाला? त्या म्हणाल्या, कायद्याकडे वारसांची तयार यादी असते. बायको, मुले, आईवडील, मग भाऊबहिणी, मग पुढचे. मला यातले कोणीच नाही. म्हणजे नंबर लागतो तो वडिलांच्या धाकट्या भावाचा, म्हणजे काकांचा.

माई त्या यादीत कुठेच नाही.

माझी आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. त्यानंतर माई आमच्या घरी आली ती राहिलीच. तिने मला वाढवले, वडिलांचे शेवटचे दुखणे काढले. वडील "रीतसर लग्न करू, करू" म्हणत राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारांवर नावे लिहिली, तिचे नाव एका कागदावर लिहायचे तेवढे राहून गेले. म्हणून कायद्याला माई दिसत नाही. काकांनाही दिसत नाही, पण काकांचे डोळे शाबूत आहेत.

कलम २. वरच्या मजल्यावरच्या दोन्ही खोल्या, स्वयंपाकाच्या ओट्यासह आणि गळक्या नळासह, मी माईला देतो. तिला तिथून कोणी उठवू नये. नळ दुरुस्त करायचा राहिला, तो मी आलो तर करीन.

वकीलबाई सांगत होत्या की न्यायालयांना पायऱ्या असतात. खालच्या न्यायालयाचा निकाल पटला नाही तर वरच्याकडे अपील करता येते. मी म्हटले, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आमच्याकडे खालचे न्यायालय म्हणजे माई. तिने खेळायला जाऊ दिले नाही की मी वडिलांकडे अपील करायचो. वडील दोन्ही बाजू ऐकून घेत, ब्रश पुसत, आणि म्हणत, "माई सांगेल तसं." एकही निकाल कधी फिरला नाही.

कलम ३. खालचा गाळा मी काकांना देतो.

हे मनापासून देत नाही, पण देतो. गाळ्याच्या पुढच्या भागात मी पाट्या रंगवतो आणि मागच्या भागात शिंपीणबाईंची मशीन आहे. त्यांच्या भाड्यावर माईचे पुढे भागले असते. पण काका गेल्या आठवड्यात खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "गाळा माझ्या नावावर कर, नाहीतर तुझ्या कागदाला कोर्टात आव्हान देतो. पोरगं भेदरलेलं होतं, भानावर नव्हतं, असं सांगीन. मी कायदा कोळून प्यायलोय."

काका नोकरीभर एका कचेरीत टपाल नोंदवत होते. तिथे येणारे कायद्याचे कागद ते पाकिटातून अर्धे बाहेर काढून वाचायचे. त्यामुळे त्यांना प्रत्येक कायदा अर्धा येतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे म्हणतात ते हे.

वकीलबाई म्हणाल्या, दावा टिकणार नाही, पण चालेल मात्र बरीच वर्षे. माईच्या गुडघ्यांना कोर्टाचे जिने झेपायचे नाहीत. म्हणून गाळा काकांना. गोड मानून घ्यावा.

कलम ४. माझी मोठी शिडी मी न्हाव्याला देतो. ती त्याच्याकडेच आहे. सलूनला चुना लावायचा म्हणून नेली ती परत आली नाही. मागायला गेलो की म्हणतो, "शेठ, दाढी करून जा." ताबा आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कोणीतरी समजावून सांगावे. ताबा त्याचा होता, मालकी माझी होती. आता मालकीही जाते आहे. वरून तिसरी पायरी ढिली आहे, हे मी त्याला मुद्दाम सांगितलेले नाही. इथे सांगतो, म्हणजे माझ्यावर काही यायला नको.

कलम ५. छातीवर इस्त्रीचा डाग असलेला माझा निळा शर्ट मी इस्त्रीवाल्याला देतो. त्याने तो रोज बघावा. मला त्याच्यावर फौजदारी करायची होती. वकीलबाई म्हणाल्या, "तो इस्त्री ठेवून गप्पा मारत बसला, म्हणजे हयगय. त्याची भरपाई मागायची तर दिवाणी दावा. मुद्दाम जाळला असता तर फौजदारी."

मी विचारले, "आणि मी त्याला चपलेनं मारलं तर?"

"मग फौजदारी तुझ्यावर."

तेव्हापासून मी त्याच्याशी फक्त बोलत नाही. हे भांडणही कोणाच्या तरी नावे करून ठेवावे असे माझ्या मनात होते. वकीलबाई हसल्या. म्हणाल्या, भांडण मृत्युपत्रानं देता येत नाही, ते लोक आपणहून घेतात.

कलम ६. माझे सगळे ब्रश समोरच्या कोपऱ्यावरच्या पाटीवाल्याला, जो माझ्या अक्षरांना 'जेवलेली अक्षरे' म्हणतो. अगदी बारीक ब्रश मात्र द्यायचा नाही. तो त्याच्या हाती शोभणार नाही. तो माईला, तिला त्याने तिळाएवढे अक्षरही रंगवता येते. शिंपीणबाईंना माझी फूटपट्टी, त्यांची एका टोकाला झिजली आहे आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या बाह्या त्यामुळे तोकड्या होतात. पोस्टमनला छत्री. किराणावाल्याला त्याची पाटी पुसून पुन्हा लिहून दिली आहे, ती भेट समजावी. वकीलबाईंची पाटीही उन्हाने फिकी पडली होती, तीही नव्याने रंगवून ठेवली आहे.

कलम ७. वर लिहायचे राहिलेले जे काही असेल ते, आणि ज्याला जे दिले ते कोणत्याही कारणाने त्याला पोचू शकले नाही तर तेही, सगळे माईला.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम वकीलबाईंनी करावे. त्या हो म्हणाल्या आहेत.

कलम ८. साक्षीदारांबद्दल.

दोन साक्षीदार लागतात. त्यांनी आतला मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, मी सही करताना फक्त बघायचे असते. मात्र ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार व्हायचे नसते. झाला तर मृत्युपत्र टिकते, पण त्याला दिलेले बाद होते. हा नियम मला कलम सहापर्यंत लिहून झाल्यावर कळला, आणि तोवर मी सगळ्या गल्लीला काही ना काही देऊन बसलो होतो. वकीलबाईंनाच विचारले, साक्षीदार व्हाल का.

"मलाही काही दिलंस?"

"तुमची पाटी."

"ती माझीच आहे ना?"

"रंग माझा आहे."

त्यांनी कपाळाला हात लावला.

न्हाव्याने आधी विचारले, "मला काही आहे का त्यात?" हो म्हटले तर सही करीना. पोस्टमनचेही तेच. एका शेजाऱ्याला विचारले, तर त्याला काहीच दिलेले नाही हे त्याच्या लक्षात आले आणि तो रुसून दार लावून बसला. शेवटी पाण्याचे मीटर बघायला आलेले गृहस्थ तयार झाले. ते मला ओळखत नाहीत, फक्त माझा नळ गळतो हे त्यांना माहीत आहे. दुसरा साक्षीदार मिळाला की सही करीन.

ठिकाण: राहत्या घरी, वरची मागची खोली.
तारीख: ऑपरेशनच्या आदला दिवस, सोमवार, दुपार.

सही: (पाटीवाला, स्वतःच्या हाताने)

साक्षीदार १: सही. धंदा: पाण्याची मीटरे बघणे.

साक्षीदार २: सही (लफ्फेदार). नाते: सख्खे काका. हुद्दा या जागी त्यांनी आपणहून लिहिले आहे: लाभार्थी.

सहीच्या खाली लिहिलेले कायदा धरत नाही. म्हणून घरातले इथे लिहितो.

काका गाळ्याचे कलम नीट उतरले की नाही ते बघायला आले. कलम तीन उभ्यानेच वाचले, खूष झाले, पुढे वाचले नाही. मी साक्षीदारासाठी अडलो आहे म्हटल्यावर म्हणाले, "आण पेन इकडे."

मी म्हटले, "काका, ज्याला काही मिळतं त्यानं सही करू नये म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"वकीलबाई. दिलेलं बाद होतं म्हणे."

"ते परक्यांना. रक्ताच्या नात्याला तो नियम नसतो. तू पाट्या रंगव."

मी दुसऱ्यांदा सांगितले. मीटरवाले गृहस्थही म्हणाले, एकदा विचारून घ्या. तिसऱ्यांदा सांगायला मी तोंड उघडले, तेवढ्यात माईने मध्ये चहाचा कप धरला.

"घ्या भाऊजी. आधी सही करून टाका, मग निवांत प्या."

आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांना भाऊजी म्हणाली. मी सही केली, काकांनी बघितली आणि खाली आपली ठोकली. गाळा कलम सातच्या वाटेने माईकडे गेला. शिवाय मी भानावर नव्हतो असे आता काका म्हणू शकत नाहीत. मी भानावर होतो याचे साक्षीदार तेच आहेत.

ते जिना उतरल्यावर मी माईला विचारले, "तुला तो नियम ठाऊक होता?"

"मला काय कळतंय कायद्यातलं," माई म्हणाली, आणि कपबशी उचलली. "तीनदा मोठ्यानं वाचून दाखवलास सकाळी. भांडी घासताना कान काही बंद नसतात."

मग दारातून वळून म्हणाली, "आणि उद्या ऑपरेशन झालं की सरळ घरी यायचं. नळ गळतोय."

मला भीती वाटते आहे, हे मी तिला सांगितलेले नाही. पण हा खालच्या न्यायालयाचा हुकूम आहे, आणि वर अपील करायला आता वडील नाहीत. तेव्हा यावे लागेल.