रंग नसलेली गाठ

मी, खाली सही करणारी, वैद्यकीय महाविद्यालयात पॅथॉलॉजी शिकवून निवृत्त झालेली बाई, वय वर्षे एकाहत्तर, माझ्या राहत्या घराच्या मागच्या खोलीत बसून स्वहस्ते हे मृत्युपत्र लिहीत आहे. बुद्धी जागेवर आहे. शरीराबद्दल तसे म्हणता येणार नाही, पण कायदा शरीराचे विचारत नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. ते लिहिताना मी स्वतःवर बरीच खूश होते.

कलम एक. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि घरातले सर्व सामानसुमान माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. न्हाणीघराची गळकी तोटी मी दुरुस्त करते करते म्हणत राहिले. ती तशीच तिच्या वाट्याला जाते, त्याबद्दल दिलगीर आहे.

कलम दोन. रस्त्याकडेची खोली, जिच्यात माझ्या धाकट्या दिरांचा छापखाना आहे, ती त्यांना मिळावी. भाऊजींचे पोट इतकी वर्षे माझ्या एका पुस्तकावर चालले. ते पुस्तक मी बंद करत आहे. खोली ही त्याची भरपाई नव्हे, एवढे मला कळते.

त्या पुस्तकाबद्दल इथेच लिहिते, म्हणजे पुढचे समजेल. मी नवीन शिक्षिका असताना एक विद्यार्थिनी संदर्भग्रंथ छातीशी धरून माझ्या टेबलापाशी आली आणि रडायला लागली. "मॅडम, रोज वाचते. पुढच्या पानावर गेलं की मागचं पुसलं जातं." मी तिला आवश्यक तेवढे लिहून दिले आणि भाऊजींनी ते छापून दिले. ती पास झाली. पुढच्या वर्षी अर्धा वर्ग मागायला आला. मुले मूळ ग्रंथाला जाडा म्हणायची आणि माझ्या पुस्तकाला पातळ. नवीन मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "जाडा घेऊ की पातळ?" मी हसून म्हणायची, "दोन्ही." पण कोणते घेतील हे मला माहीत होते, आणि तेच घेतात याचा मला आनंद होता.

तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी भाऊजी मुद्रिते घेऊन आले. "वहिनी, चार ओळी कमी करा. नाहीतर नवा फर्मा चढवावा लागेल, चार ओळींसाठी सोळा पानांचा कागद, किंमत वाढेल." मी चार ओळी शोधल्या. त्वचेच्या काळ्या कॅन्सरच्या पानावर, मेलॅनोमाच्या, एक वाक्य होते की कधीकधी या गाठीत काळा रंग मुळीच नसतो आणि तेव्हा ती हमखास फसवते. परीक्षेत ते कोणी विचारत नसे. मी ते काढले. भाऊजींनी फक्त ओळी मागितल्या होत्या, कोणत्या ते मी ठरवले. उरले ते एवढेच, की रंग शोधा, रंग नसेल तर पुढचा पर्याय घ्या.

कलम तीन. माझी वेताची खुर्ची आणि मूळ जाडा ग्रंथ, यांपैकी खुर्ची माझ्या माजी विभागप्रमुखांना द्यावी. ते एकदा भर बैठकीत म्हणाले होते, "बाई, पुस्तक पातळ केलंत, त्याबरोबर विषयही पातळ झाला." त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी त्यांच्याशी कामापुरतेच बोलले आणि त्यांच्या निरोप समारंभाला डोके दुखत असल्याचे सांगून गेले नाही. डोके दुखत नव्हते. त्यांचे म्हणणे बरोबर होते. हे तोंडाने सांगायला दोनदा फोन उचलला आणि दोन्ही वेळा हवापाण्याचे बोलून ठेवला. म्हणून लेखी देते.

जाडा ग्रंथ वाचनालयाला देऊ नये, तिथे तो कुलपात जातो. मुलींच्या वसतिगृहातल्या अभ्यासिकेत टेबलावर उघडा ठेवावा. चहाचे डाग पडले तर पडू द्यावेत.

कलम चार. माझा दोघांना एकाच वेळी बघता येणारा मायक्रोस्कोप आणि त्याखाली बघायच्या काचांच्या, म्हणजे स्लाइड्सच्या, सर्व पेट्या मी माझ्या एका विद्यार्थ्याला देते. वर्गात त्याला सगळे ढापण्या म्हणत. आता त्याची स्वतःची लॅब आहे आणि केस पिकू लागले आहेत. त्याला हे का, असे माझी मुलगी विचारणार, म्हणून सविस्तर लिहिते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या टाचेवर एक लालसर, मऊ गाठ आली. सर्जनने ती काढली. तपासायला ढापण्याकडेच द्या, असे मीच सांगितले. रिपोर्ट आला की रक्तवाहिन्यांची साधी वाढ आहे, काळजीचे कारण नाही. काच मागवून आपण एकदा बघावी, असे मनात आले होते. मग म्हटले, त्याला वाटेल बाईंचा आपल्यावर भरवसा नाही. खरे तर मला चांगली बातमी हवी होती आणि ती मिळाली होती.

गेल्या वर्षी त्याच पायाच्या जांघेत गाठ लागली. टाचेतला कॅन्सर पसरला तर आधी तिथेच लागतो. तेव्हा मी ती काच मागवली. रंगाचा कण नव्हता, पण पेशी पाहताच मला कळले, हा मेलॅनोमाच. मी त्याला घरी बोलावले, काच मायक्रोस्कोपवर चढवली आणि काही न सांगता म्हटले, "बघ."

तो खूप वेळ बघत राहिला. चष्मा काढला, पुसला, परत बघितले.

"मॅडम, रंग नव्हता."

"हो, नव्हता."

"तुमच्या पुस्तकात..." एवढे बोलून तो थांबला.

"वाक्य पुरं कर."

"तुमच्या पुस्तकात आहे, रंग शोधा. नसेल तर पुढचा पर्याय घ्या." मग अगदी हळू म्हणाला, "ते पान मला अजून पाठ आहे, मॅडम."

मी त्याला रागावू शकले असते. पेशी बघायला त्याला डोळे होते, आणि इतक्या वर्षांत त्याने जाडा उघडायला हवा होता. पण समोर माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी माझेच वाक्य म्हणून दाखवत होता. मी म्हटले, "माझं सोड. तुझ्या कपाटात अशा अजून किती काचा आहेत?" तो उठून तडक लॅबमध्ये गेला.

पुढचे दोन महिने त्याची गाडी मला रोज सकाळी न्यायला येई. त्याच्या लॅबमध्ये आम्ही समोरासमोर बसून जुन्या काचा बघितल्या. बहुतेक रिपोर्ट बरोबर निघाले. एक निघाला नाही. तो एका बसचालकाचा होता. ढापण्याने स्वतः त्याच्या घरी जाऊन चूक सांगितली आणि त्याचा मार खायच्या बेतात आला. बसचालकाचे ऑपरेशन झाले. तो बरा आहे आणि पुन्हा बस चालवतो. लोक म्हणतात, एकाचे प्राण वाचवलेत. माझा हिशोब तसा होत नाही. पातळ वाचलेले डॉक्टर गावोगावी आहेत आणि त्यांची कपाटे मला उघडता येत नाहीत.

कलम पाच. हे कलम माझ्या मुलीसाठी. ढापण्याविरुद्ध तक्रार करण्याचा तिचा विचार आहे. "आई, तुझा जीव चाललाय आणि तू त्याला शिकवत बसलीस," असे ती म्हणाली आणि दार आपटून गेली. तिचा राग खोटा नाही. तक्रारीबद्दल मृत्युपत्रात अट घालता येत नाही, असे हा मजकूर तपासणाऱ्या वकीलबाई म्हणतात, तेव्हा पुढची ओळ विनंती समजावी. तक्रार करायचीच असेल तर तीत माझेही नाव घालावे, माझ्या पुस्तकासकट.

कलम सहा. पातळ यापुढे छापू नये. त्याचे हक्क मी कोणालाही देत नाही. उरलेल्या प्रतींचा लगदा करावा. हे सांगायला मी छापखान्यात गेले तेव्हा भाऊजी म्हणाले, "वहिनी, पोरं काही थांबायची नाहीत. तुमचं नाही तर दुसऱ्याचं घेतील." त्यांचे खरे आहे. आता व्हिडिओ आहेत, प्रश्नसंच आहेत, मोबाइलमध्ये माझ्याच पुस्तकाचे फोटो फिरतात, आणि त्यांच्यावर माझे मृत्युपत्र चालत नाही. परवा शेजारच्या मुलीने विचारले, "आजी, पॅथॉलॉजीला काय वाचू?" शिकवण्याच्या काळात मी याचे उत्तर एका दमात द्यायची. या वेळी म्हटले, "तुझ्याकडे काय काय आहे ते घेऊन ये, बसून बघू." ती आली. तिचे व्हिडिओही मी पाहिले. काही फार चांगले आहेत. पण प्रत्येक व्हिडिओनंतर मी तिला एक काच दाखवली आणि नाव विचारले नाही. काय दिसते, एवढेच विचारले. हे मी वर्गात करायला हवे होते. तेव्हा अभ्यासक्रम संपवायची घाई असे.

कलम सात. माझ्या टाचेची काच पेट्यांमध्ये ठेवावी. तिच्यावर निदान लिहू नये.

सोबत आमच्या फॅमिली डॉक्टरांचा, माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला जोडला आहे. तेही पातळ वाचूनच पास झाले, पण त्यात मेंदूचे प्रकरण मी बरे लिहिले होते.

सहीआधीची नोंद. हे सर्व आज सकाळी मी मुलीला वाचून दाखवले. पाचवे कलम ऐकताना ती खिडकीबाहेर बघत होती. संपल्यावर ती उठली. मग म्हणाली, "काचांच्या पेट्या जड आहेत. त्याला सांग, येताना कोणाला तरी बरोबर आण. मी घरी असेन." आणि ती चहा टाकायला गेली. तिचे म्हणणे वकीलबाईंनी इथे नोंदवायला सांगितले नाही, मी माझ्या मनाने नोंदवत आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि समजून सही केली.

सही: मृत्युपत्र करणारी

आम्ही दोघांनी बाईंना आमच्यासमोर सही करताना पाहिले. बाईंनीही आम्हाला सही करताना पाहिले. आम्हाला या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

साक्षीदार पहिला: खालच्या मजल्यावरचे शिंपी (सही)
साक्षीदार दुसरी: वकीलबाईंच्या कचेरीतल्या टंकलेखिका (सही)

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: एकोणीस फेब्रुवारी, दुपारी